पाण्यातला मासा कागदावर उमटवणारे पॉल लांजव्हँ

२३ जानेवारी म्हटलं की आपल्याकडे नेताजी सुभाषबाबूंची जयंती. शाळेत प्रतिमापूजन होतं, मोबाइलवर स्टेटस लागतात. त्याच तारखेला, पण नेताजींच्या २५ वर्षं आधी, १८७२ साली पॅरिस शहरात पॉल लांजव्हँ यांचा जन्म झाला. नाव जिभेला जड आहे, फ्रेंच आहे. आपल्या जिल्ह्यात त्यांची जयंती कुणी करत नाही. पण नंदुरबार, शहादा, तळोद्याला सोनोग्राफीच्या रांगेत बसलेली प्रत्येक बाई ज्या युक्तीने तपासली जाते, ती युक्ती पाण्यात पहिल्यांदा नीट चालवून दाखवली ती याच माणसाने. आणि मच्छीमार नावेवर मासे शोधायचं जे यंत्र असतं, कागदाच्या पट्टीवर पाण्याखालचं चित्र काढणारं, त्याचं मूळही त्यांच्याच कामात आहे.

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, मग मासे शोधायच्या यंत्राचं आपल्याला काय, असं कुणी म्हणेल. पण पाणी आहे, आणि भरपूर आहे. तापीवर प्रकाशा आणि सारंगखेड्याचे बॅरेज आहेत, नवापूरकडे उकाईचा फुगवटा आहे, आणि उत्तरेला सातपुड्याच्या पायाशी सरदार सरोवर. सप्टेंबर २०१९ मध्ये ते धरण पहिल्यांदा पूर्ण १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. महाराष्ट्रातली ३३ गावं या बुडितात सापडली, सगळी आपल्या अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली त्यात पहिलं. जिथे नांगर चालत होता तिथे आता होडी चालते. ज्यांची शेती गेली त्यांच्यातलेच काही जण आता मच्छीमार सोसायटीत आहेत, कटला-रोहूवर पोट भरतात. जाळं कुठे टाकायचं हे बहुतेक अजून दोरीला दगड बांधून आणि जुन्या माणसांच्या आठवणीवर ठरतं. इथे नाला होता, इथे महूचं झाड होतं, इथे टेकाड. झाडाच्या खोडात जाळं अडकलं की फाटलंच समजा. पाण्याखाली काय आहे हे वरून कळावं, ही गरज आपल्याला दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज नाही.

मोजणाऱ्याचा मुलगा

लांजव्हँ काही बड्या घरचे नव्हते. वडील बांधकामाची मोजमापं तपासायचं काम करत. मुलगा हुशार निघाला. १६ वर्षांचा असताना तो पॅरिस नगरपालिकेने काढलेल्या औद्योगिक भौतिकी आणि रसायनाच्या शाळेत दाखल झाला. आजच्या हिशेबाने आयटीआय आणि इंजिनिअरिंग कॉलेज यांच्या मधलं काहीतरी समजा. हाताने काम करायचं आणि त्यामागचं शास्त्रही शिकायचं. तिथे प्रयोगशाळेत त्यांना शिकवायला होते पिएर क्युरी. पुढे रेडियमचा शोध लावणाऱ्या मेरी क्युरींचे पती ते हेच. मेरीबाईंचं रेडियमचं काम झालं तेही याच शाळेच्या गळक्या शेडमध्ये.

लांजव्हँ पुढे शिकत गेले आणि परीक्षांत पहिले येत गेले. १८९७ साली इंग्लंडला केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत वर्षभर राहून आले. अणूची रचना उलगडणारे रुदरफोर्ड तिथेच त्यांचे मित्र झाले. १९०२ मध्ये डॉक्टरेट मिळाली. १९०५ मध्ये त्यांनी चुंबकत्वाचा जो सिद्धांत मांडला तो आजही कॉलेजात शिकवला जातो. शिकवण्यात मात्र त्यांचा हात धरणारा क्वचितच कुणी असेल. आइन्स्टाइनचं सापेक्षतेचं काम फ्रान्समध्ये रुजवलं ते प्रामुख्याने यांनीच. स्वतःच्या नावावर शोध कमी आणि दुसऱ्याचं नीट समजावून सांगण्यात वेळ जास्त, असा हा मास्तर माणूस.

१९०६ मध्ये पिएर क्युरी रस्त्यात घोडागाडीखाली सापडून गेले. लांजव्हँचं स्वतःचं लग्न झालेलं, चार मुलं, पण घरात रोजची भांडणं. काही वर्षांनी मेरी क्युरी आणि त्यांचं जवळचं नातं जुळलं. १९११ मध्ये वर्तमानपत्रांनी ते चव्हाट्यावर आणलं, खासगी पत्रं छापली. सगळा चिखल उडाला तो बाईंवर, तेही त्यांना दुसरं नोबेल मिळालं त्याच वर्षी. लांजव्हँनी एका संपादकाला पिस्तुलाच्या द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं. दोघं समोरासमोर उभे राहिले आणि दोघांनीही गोळी झाडली नाही. हे प्रकरण तिथेच थांबलं. पुढे दोन पिढ्यांनी मेरीबाईंची नात आणि लांजव्हँचा नातू यांचं लग्न झालं. गावगप्पांपेक्षा माणसं जास्त टिकतात ती अशी.

लायटर आणि गारगोटी

आता यंत्राकडे येऊ. ते समजायला प्रयोगशाळा नको, घरातला गॅसचा लायटर पुरे. बटण दाबलं की टक् आवाज होतो आणि ठिणगी पडते. त्यात ना सेल असतो ना वायर बाहेर जाते. मग वीज येते कुठून? आत एक छोटा कठीण तुकडा असतो. त्याच्यावर एकदम दाब पडला की त्यातून वीज निघते. काही स्फटिकांत हा गुण असतो हे पिएर क्युरी आणि त्यांचे थोरले भाऊ जाक यांनी १८८० मध्ये शोधून काढलं. क्वार्ट्झ, म्हणजे आपल्या गारगोटीच्या जातीचा स्वच्छ स्फटिक, त्यातला एक. उलटही होतं: त्या तुकड्याला वीज दिली की तो किंचित फुगतो, आकसतो. वीज भराभर आलटून पालटून दिली तर तो थरथरतो, आणि थरथरणारी वस्तू म्हणजे आवाज.

हे ज्ञान जवळजवळ ३५ वर्षं प्रयोगशाळेतच पडून होतं. लहानसहान मोजमापाच्या उपकरणांपलीकडे त्याचा उपयोग कुणाला सुचला नव्हता. लांजव्हँ मात्र पिएर क्युरींच्या हाताखाली शिकलेले. त्यांना ते ठाऊक होतं.

पाणबुडी शोधायची कशी

१९१४ ला पहिलं महायुद्ध पेटलं. जर्मन पाणबुड्या पाण्याखालून येऊन जहाजं बुडवू लागल्या. त्याआधी १९१२ मध्ये टायटॅनिक हिमनगाला धडकून १५०० च्या वर माणसं गेली होती, तेव्हापासूनच पाण्यात आवाज सोडून प्रतिध्वनी ऐकायच्या कल्पना निघत होत्या. अमेरिकेत फेसेंडेन यांनी १९१४ मध्ये हिमनगावरून आलेला प्रतिध्वनी ऐकलाही होता. पण तो आवाज भोंग्यासारखा चहूकडे पसरायचा. पाणबुडी कोणत्या दिशेला आहे ते त्यातून नेमकं सापडेना.

१९१५ च्या सुरुवातीला शिलोव्स्की नावाच्या रशियन अभियंत्याने फ्रेंच सरकारला एक सूचना पाठवली: माणसाला ऐकू येत नाही इतका बारीक आवाज वापरा. सरकारने तो कागद लांजव्हँकडे धाडला. आपला कान सेकंदाला साधारण २० हजार कंपनांपर्यंतच ऐकतो. त्याच्या वरचा आवाज पाण्यात बॅटरीच्या झोतासारखा एका दिशेने जातो, म्हणून दिशाही कळते. दोघांनी मिळून पॅरिसच्या सीन नदीत प्रयोग सुरू केले, मग तूलोंच्या नौदलाच्या बंदरात. १९१६ मध्ये दोघांच्या नावाने पेटंटही झालं. पण आवाज सोडणारं आणि ऐकणारं साधन कच्चं होतं, भरवसा ठेवण्यासारखं नव्हतं. शिलोव्स्की त्यातून बाजूला झाले.

१९१७ मध्ये लांजव्हँना आपल्या गुरूंचा तो स्फटिक आठवला. क्वार्ट्झचा एक मोठा खडा मिळवून त्याची चकती कापून घेतली आणि रेडिओच्या नव्या व्हॉल्व्हला जोडली. ऐकण्याचं काम एकदम सुधारलं. मग त्याच स्फटिकाने आवाज सोडायचाही ठरवला. सगळा सोडणारा भाग क्वार्ट्झचाच करायचा तर खूप जाड खडा लागला असता, आणि तेवढा आणायचा कुठून? त्यांनी तोड काढली. क्वार्ट्झच्या पातळ चकत्या मधे आणि दोन्ही बाजूंना पोलादाच्या जाड पट्ट्या. भाकरीत झुणका ठेवतात तसं. हा जोड सेकंदाला ४० हजारांच्या आसपास थरथरायचा. १९१८ च्या सुरुवातीला पाण्याखालच्या पाणबुडीवरून पहिला स्पष्ट प्रतिध्वनी आला.

त्या प्रयोगांतली एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लक्षात राहते. आवाजाचा झोत चालू असताना त्याच्या जवळ आलेले लहान मासे मरून पडत. झोतात हात घातला तर हाडं दुखत. म्हणजे या यंत्राची आणि माशाची पहिली गाठ पडली ती अशी. तेव्हा मासा शोधायचं कुणाच्या मनातही नव्हतं. घाबरू नका, नावेवरच्या यंत्राचा झोत त्या मानाने फार हलका असतो. त्याने मासे मरत नाहीत.

नोव्हेंबर १९१८ ला युद्ध संपलं. फ्रान्सच्या जहाजांवर हे यंत्र लढाईसाठी बसवायची वेळच आली नाही.

कागदावरची रेघ

युद्धानंतर तोच झोत सरळ खाली, तळाकडे सोडला गेला. लांजव्हँ आणि त्यांचे सहकारी फ्लोरिसों यांनी जहाजांसाठी खोली मोजायचं यंत्र केलं. हिशेब शाळेतला आहे. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. तळ १५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ३० मीटर, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. एवढा वेळ माणसाने घड्याळात बघायचा कसा? म्हणून त्याची नोंद कागदावर घ्यायची सोय निघाली. फ्रेंच नौदलातले मार्ती यांनी काजळी धरलेल्या कागदावर प्रतिध्वनी ओरखडायचा नोंदक केला. इंग्लंडमध्ये ओल्या, रसायन लावलेल्या कागदावर तपकिरी डाग पाडायची पद्धत आली. नंतर कोरडा कागद आला: आत काळा, वरून करडा-पांढरा थर. सुईतून ठिणगी पडली की वरचा थर जळतो आणि काळी खूण उमटते. नावेवरची बहुतेक कागदी यंत्रं या शेवटच्या जातीची.

खोली मोजताना जहाजवाल्यांना तळाच्या रेघेच्या वर, मधल्याच पाण्यात डाग दिसू लागले. आधी वाटलं यंत्र बिघडलं. इंग्लंडमधले हेरिंग मासे धरणारे कप्तान रोनाल्ड बॉल्स यांनी १९३३ पासून आपल्या नावेवर असं यंत्र वापरून डाग कुठे आणि मासे कुठे याचा ताळा घेतला. नॉर्वेचे ऑस्कर सुंद यांनी १९३५ मध्ये कॉड माशांचे थवे कागदावर उमटलेले छापूनच दाखवले. शास्त्रज्ञ आणि मच्छीमार दोघंही एकाच वेळी, आपापल्या वाटेने त्याच जागी पोहोचले. यंत्र बिघडलं नव्हतं. ते खरं बोलत होतं, ऐकणाऱ्याला भाषा येत नव्हती.

भाषा शिकावी लागते

ती भाषा अशी. यंत्राच्या डब्यात कागदाची गुंडाळी हळूहळू सरकते. एका पट्ट्यावर बसलेली सुई कागदावरून वरून खाली धावते. सुई वरच्या टोकाला असताना नावेच्या बुडाशी बसवलेला सेन्सर आवाज सोडतो आणि तिथे पहिली खूण पडते, ती पाण्याची वरची रेघ. सुई खाली धावत असतानाच प्रतिध्वनी परत येतो, तिथे दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे खोली. असं मिनिटाला कित्येकदा होतं. खुणेला खूण लागते आणि तळाची सलग रेघ तयार होते. मणिबेलीच्या किंवा इतर कुठल्या बुडीत गावाच्या पाण्यावर हे फिरवलं, तर कागदावर तोच उतार येईल जो तिथल्या माणसांच्या पायांना पाठ आहे. शेताचा बांध बारीक असतो, तो बहुतेक दिसणार नाही. नाला आणि टेकाड मात्र दिसेल.

मासा दिसतो तो त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीमुळे. मांस जवळजवळ पाण्यासारखंच, त्यावरून आवाज फारसा परतत नाही. हवेवरून चांगला परततो. कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस या सगळ्यांना ती पिशवी असते. नाव पुढे सरकताना मासा आधी झोताच्या कडेला असतो, म्हणजे थोडा लांब. मग बरोबर खाली येतो, जवळ. मग पुन्हा लांब. म्हणून कागदावर त्याची कमान उमटते, उलट्या टोपलीसारखी. थवा असेल तर ढगासारखा डाग. आणि नाव एकाच जागी उभी असेल, खाली एकच मासा रेंगाळत असेल, तर लांबच लांब रेघ निघते. नवशिक्याला वाटतं केवढा मोठा मासा! रेघेची लांबी ही माशाची लांबी नसून तो किती वेळ खाली थांबला याची असते.

धरणाच्या पाण्यात आणखी घोटाळे होतात. बुडालेलं झाड तळापासून उभं असतं, त्याचा डाग तळाच्या रेघेला चिकटलेला आणि टोकदार येतो. मासा सहसा तळापासून सुटा दिसतो. तळाला अगदी लागून बसलेला मासा मात्र रेघेतच मिसळून जातो. तो यंत्राला सापडत नाही, जुन्या माणसाला सापडतो. उथळ जागी, तळ खडकाळ असेल तर दुप्पट खोलीवर दुसरी फिकट रेघ येते. आवाज तळ, पाण्याची वरची बाजू आणि पुन्हा तळ असा दोनदा उड्या मारून आलेला असतो. तिला खरा तळ समजू नये. आवाज वाढवायचं बटण जास्त फिरवलं तर सगळा कागद काळा होतो, कमी ठेवलं तर मासे गायब. तळाची रेघ ठळक आणि वरचं पाणी जवळपास स्वच्छ, एवढ्यावर ते थांबवायचं.

आता निगा. बिघाडांपैकी बरेचसे इलेक्ट्रॉनिक नसतात, साधे मळाचे आणि ओलीचे असतात. कागद दमट झाला की खूण फिकी येते, म्हणून गुंडाळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोरड्या जागी ठेवायच्या. प्रत्येक ठिणगीसरशी थोडी काजळी उडते. ती सुईच्या वाटेवर साचते आणि भलत्याच जागी रेघा पडायला लागतात. कोरड्या मऊ ब्रशने झाडून घ्यायची, ओलं फडकं लावायचं नाही. सुईचं टोक झिजतं. रेघ तुटक आली की सुई बदलायची. फार दाबून बसवली तर कागद फाटतो, सैल ठेवली तर खूणच पडत नाही. झाकण उघडण्याआधी बटण बंद करून बॅटरीची वायर काढायचीच. सुईवर शेकडो व्होल्ट असतात, आणि ओल्या नावेत तो झटका साधा नसतो.

बुडाखालच्या सेन्सरवर शेवाळ धरतं, खाऱ्या पाण्यात शिंपले बसतात. त्यामुळे आवाज कमी होतो. लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने हलक्या हाताने खरवडायचं, लोखंडी खुरपं चालवायचं नाही, आणि नावेला रंग देताना त्यावर जाड थर चढवायचा नाही. तो पंख्याजवळ बसवला तर पंख्याचे बुडबुडे मधे येतात. हवेवरून आवाज परततो हे आत्ताच सांगितलं, मग यंत्राला बुडबुडेच मासे वाटतात. त्याची वायर लांब झाली म्हणून मधेच कापून जोड देऊ नये.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र वेगळंच आहे. हे यंत्र खोली मोजत नाही, वेळ मोजतं. सुईचा पट्टा ठरलेल्या वेगाने फिरतो या भरवशावर कागदावरचे आकडे छापलेले असतात. बॅटरी उतरली किंवा पट्टा सैल झाला आणि वेग कमी पडला, तर खोली असते त्यापेक्षा कमी दिसते. वेग वाढला तर जास्त दिसते, आणि ते धोक्याचं, कारण खडक वर असताना पाणी खोल आहे असं वाटतं. यावर उपाय एकच आणि जुनाच. शांत पाण्यात, सपाट तळावर नाव उभी करायची, दोरीला दगड बांधून सोडायचा, हाताने मोजायचं आणि कागदाशी ताळा घ्यायचा. सेन्सर पाण्याच्या पातळीखाली जेवढा असेल तेवढं त्यात मिळवायचं. हातात दोरी धरता येते त्याच्याच हातात हे यंत्र शोभतं, असं माझं तरी मत आहे.

तुरुंग आणि शाळा

लांजव्हँना या यंत्राने मान मिळाला, तरी त्यांचा जीव शिकवण्यात आणि शिकवणं सर्वांपर्यंत नेण्यात होता. ज्या शाळेत ते १६ व्या वर्षी शिकायला आले, तिचेच १९२५ मध्ये संचालक झाले. १९३१ मध्ये राष्ट्रसंघाच्या पथकातून चीनला जाऊन तिथल्या शिक्षणाची पाहणी केली. युरोपात हिटलर, मुसोलिनीचं वारं सुटलं तेव्हा हा शांत प्राध्यापक उघडपणे विरोधात उभा राहिला. १९३४ मध्ये फॅसिझमविरुद्ध जी विचारवंतांची समिती झाली, तिच्या प्रमुखांत ते होते.

१९४० च्या जूनमध्ये जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. ३० ऑक्टोबरला लांजव्हँना अटक झाली. वय ६८. ८ नोव्हेंबरला, त्यांच्या व्याख्यानाच्या दिवशी, पॅरिसचे विद्यार्थी त्यांच्यासाठी रस्त्यावर आले. जर्मन राजवटीत अशी हिंमत तोवर फारशी कुणी केली नव्हती. चाळीसेक दिवसांनी तुरुंगातून काढून त्यांना त्र्वा गावात नजरकैदेत ठेवलं. नोकरी गेली.

घरावर त्याहून मोठा घाव पडला. जावई जाक सोलोमों स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. चोरून पत्रकं काढतात म्हणून पकडले गेले आणि मे १९४२ मध्ये गोळ्या घालून मारले गेले. मुलगी एलेन हिला जानेवारी १९४३ मध्ये आउश्विट्झच्या छळछावणीत पाठवलं. बाप नजरकैदेत, मुलगी जिवंत आहे की नाही याची खबर नाही. मे १९४४ मध्ये साथीदारांनी लांजव्हँना लपवून सीमेपार स्वित्झर्लंडला नेलं. पॅरिस सुटल्यावर ते परतले, कम्युनिस्ट पक्षात गेले, जावयाची जागा चालवायची म्हणून गेले असं मानलं जातं. १९४५ मध्ये एलेन परत आली. छावणीतून जिवंत परतलेल्या थोड्या बायकांपैकी ती एक. नंतर ती फ्रान्सच्या संसदेत निवडून गेली.

त्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी पाण्याखालच्या आवाजाला हात लावला नाही. सरकारने शिक्षण सुधारणेची समिती त्यांच्याकडे दिली. गरिबाचं पोर आणि श्रीमंताचं पोर एकाच शाळेत, १८ वर्षांपर्यंत सक्तीचं शिक्षण, हाताच्या कामाला पुस्तकाइतकाच मान, हे त्या आराखड्याचं सार. आराखडा १९४७ मध्ये पुढे आला. जसाच्या तसा तो कधीच लागू झाला नाही. लांजव्हँ तो बघायला नव्हतेच. १९ डिसेंबर १९४६ ला पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं.

नोव्हेंबर १९४८ मध्ये फ्रान्सने त्यांचा देह पांथेऑनमध्ये, देशाच्या थोर माणसांच्या समाधिस्थानात, सन्मानाने हलवला. त्याच १९४८ साली जपानच्या नागासाकी भागात फुरुनो नावाचे दोन भाऊ, मच्छीमार नावांना वीज जोडून देणारे, युद्धानंतर भंगारात निघालेल्या खोलीमापक यंत्रांची जुळवाजुळव करून माशांसाठी वेगळं यंत्र विकायला काढत होते. व्यवहारात चालणारं पहिलं मासाशोधक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. सुरुवातीला तिथल्या कोळ्यांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. मग धाकटा भाऊ स्वतः यंत्र घेऊन नावेवर चढला, आणि तीही मुद्दाम अशा नावेवर, जिला गावात सगळ्यात कमी मासळी मिळायची.